‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ : गावाच्या पाण्यावरील विधानसभेतील उत्तर कसे वाचावे?

ओढ्याकाठची सदस्या (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी एका डोंगराळ तालुक्यातील लहान ग्रामपंचायतीची सदस्या आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार मांडायची नाही, सभागृहात दिल्या गेलेल्या एका उत्तराचा अर्थ समजून घ्यायचा आहे.

आमचे गावठाण आणि तीन वाड्या यांच्यासाठी जल जीवन मिशनमधून नळपाणीपुरवठा योजना मंजूर झाली. नदीकाठी विहीर खोदली गेली, गावठाणात उंच टाकी उभी राहिली, जलवाहिनी पुरली गेली आणि प्रत्येक घरासमोर तोटी बसली. गावठाणाला आणि खालच्या दोन वाड्यांना एक दिवसाआड पाणी येते. सर्वांत वरच्या वाडीतील ४१ घरांसमोर तोट्या बसून दोन उन्हाळे उलटले, तरी त्यांतून पाण्याचा थेंब आलेला नाही. मधल्या टप्प्यावरील पंपाला वीजजोडणीच मिळालेली नाही आणि टाकीतून त्या उंचीपर्यंत पाणी आपोआप चढत नाही. वाडीतील बायका आजही पाऊण तासाची चढउतार करून झऱ्यावरून पाणी आणतात.

आमच्या विनंतीवरून आमदारसाहेबांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न दिला. तोंडी उत्तरासाठी त्याचा क्रमांक आला नाही, परंतु छापील यादीत तो उत्तरासह आला आहे. गावाचे नाव वगळून तो येथे देते :

‘(१) मौजे … येथील नळपाणीपुरवठा योजनेचे काम रखडल्याने संपूर्ण गावाला पिण्याच्या पाण्यापासून वंचित राहावे लागत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तर असे आहे : ‘(१) हे खरे नाही. सदर योजनेंतर्गत सर्व २१३ कुटुंबांना कार्यात्मक नळजोडणी देण्यात आली असून उर्वरित किरकोळ कामे माहे मार्चअखेर पूर्ण करण्याचे नियोजन आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

हे उत्तर मी वाडीवर वाचून दाखवले, तेव्हा एका आजींनी विचारले, ‘म्हंजी आमी खोटं बोललो, असं लिवलंय का गं त्यात?’ मला त्यांना काही सांगता आले नाही. हे उत्तर प्रत्यक्षात कोण लिहिते, मंत्रिमहोदयांनी ‘हे खरे नाही’ म्हटल्यावर ते प्रकरण संपते का, आणि हाच प्रश्न खासदारांकरवी लोकसभेत विचारावा का, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी नस्ती

ताई, मी एका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. अशी उत्तरे तयार करण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमदारांचा प्रश्न विधानमंडळ सचिवालयात स्वीकृत झाला की तो मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जातो. आपल्या बाबतीत तो पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग होय. तेथील कक्ष अधिकारी तो जिल्हा परिषदेकडे पाठवतात, कार्यकारी अभियंता तो तालुक्याच्या उपअभियंत्याकडे पाठवतात आणि शेवटी तो शाखा अभियंत्याच्या टेबलावर येतो. कार्यालयात आम्ही याला ‘एलएक्यू’ (विधानसभा प्रश्नाचे इंग्रजी लघुरूप) म्हणत असू. त्यावर ‘अति तातडीचे’ असा शिक्का असे आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुद्देनिहाय अहवाल मागितलेला असे. इतक्या वेळात कोणी डोंगर चढून वाडीवर जात नाही. शाखा अभियंता मोजमाप पुस्तिका आणि संगणकावरील नोंद पाहतो, त्यात ‘जोडणी दिली’ अशी नोंद असते, आणि तेच शब्द पायरीपायरीने वर जाऊन मंत्र्यांच्या नावाने छापले जातात. सोबत एक टिपणी जाते, ज्यात सभागृहात संभाव्य उपप्रश्न कोणते येतील आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे लिहिलेले असते. मंत्र्यांच्या हाती असलेली माहिती ही शेवटी शाखा अभियंत्याच्या टेबलावरील माहिती असते. मीही अशी उत्तरे टंकित केलेली आहेत, आणि त्यांतील काही आठवली की मला वाईट वाटते, कारण कागदावर बरोबर असलेली गोष्ट जागेवर बरोबर आहे की नाही, हे तेव्हा मी विचारले नव्हते.

आता आपल्या उत्तराकडे येऊ. प्रश्नाच्या पहिल्या भागात दोन विधाने एकत्र गुंफली गेली आहेत. काम रखडले, हे एक; आणि संपूर्ण गाव पाण्यापासून वंचित आहे, हे दुसरे. गावठाणाला आणि दोन वाड्यांना पाणी येत असल्यामुळे दुसरे विधान तंतोतंत खरे ठरत नाही, आणि तेवढ्या आधारावर उत्तर देणाऱ्याने संपूर्ण वाक्य नाकारले. वास्तविक येथे ‘हे अंशतः खरे आहे’ असे लिहायला हवे होते. अशा उत्तरांची ती रूढ आणि सन्मान्य पद्धत आहे, आणि ज्या अभियंत्याला प्रामाणिकपणे लिहायचे असते तो ती वापरतोच. परंतु पहिल्या भागाला एकदा ‘खरे नाही’ म्हटले की पुढचे ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ (म्हणजे कार्यवाही केली नसल्यास) हे दोन्ही भाग आपोआप गळून पडतात. ‘प्रश्न उद्भवत नाही’ या शब्दांचा अर्थ इतकाच की पहिली अट पूर्ण झाली नसल्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या भागाला उत्तर देण्याची गरज उरली नाही. ते तर्काचे वाक्य आहे, गावकऱ्यांवरील आरोप नाही. आजींना हे जरूर सांगावे.

मात्र या उत्तरातील दोन शब्द आपल्या फार उपयोगाचे आहेत, आणि ते वाचताना मला बरे वाटले. पहिला शब्द ‘कार्यात्मक’. जल जीवन मिशनमध्ये कार्यात्मक नळजोडणी म्हणजे नुसती तोटी नव्हे. माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी, भारतीय मानक १०५०० नुसार पिण्यायोग्य दर्जाचे, आणि नियमितपणे, अशा तिन्ही कसोट्या त्या एका शब्दात बांधलेल्या आहेत. याचा अर्थ शासनाने सभागृहासमोर असे नोंदवले आहे की आपल्या वरच्या वाडीतील ४१ घरांना आज तेवढे पाणी मिळत आहे. हे विधान बादली आणि घड्याळ घेऊन तपासता येते.

दुसरा शब्द ‘उर्वरित’. काम उरले आहे हे उत्तरानेच मान्य केले आहे. मग ‘हे खरे नाही’ या शब्दांशी त्याचा मेळ बसत नाही. मार्चअखेर हा दिनांकही त्यात आहे. तो कागद जपून ठेवा आणि त्यावर यादी क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि छपाईचा दिनांक लिहून ठेवा.

पुढच्या वेळी प्रश्न देताना ‘हे खरे आहे काय’ हे वाक्य शक्य तितके टाळावे. त्याचे उत्तर होय किंवा नाही एवढ्यावर थांबवता येते. किती, केव्हा, कोणत्या दिनांकास, कोणत्या वाडीत, असे विचारले तर खालच्या टेबलावरील माणसाला नस्ती, म्हणजे फाइल, उघडावीच लागते. आणि त्याच आशयाचा प्रश्न पुन्हा दिला तर तो बहुधा स्वीकारला जाणार नाही. नवा प्रश्न नव्या बाबीवर हवा.

संसद मार्ग

मी काही वर्षे एका खासदारांच्या दिल्लीतील कार्यालयात प्रश्नांचे मसुदे करीत असे, म्हणून लोकसभेच्या बाजूविषयी सांगतो.

लोकसभेत हाच प्रश्न जसाच्या तसा दिला तर तो बहुधा दाखलच होणार नाही. जो विषय प्रामुख्याने केंद्र सरकारच्या अखत्यारीत नाही, त्यावर प्रश्न विचारता येत नाही, असा नियम ४१ मध्ये दंडक आहे, आणि पाणीपुरवठा हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील विषय आहे. प्रश्न मोघम करून दिला आणि तो दाखल झाला, तरी जलशक्ती मंत्रालयाच्या उत्तराचा पहिला परिच्छेद मी आज डोळे मिटून लिहून देऊ शकतो : पाणी हा राज्याचा विषय असून योजना आखणे, मंजूर करणे, राबवणे आणि चालवणे ही राज्यांची जबाबदारी आहे, केंद्र सरकार तांत्रिक व आर्थिक साहाय्य करते. त्यानंतर १५ ऑगस्ट २०१९ रोजी मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातील ३.२३ कोटी ग्रामीण घरांत, म्हणजे सुमारे १७ टक्के घरांत नळ होता, आणि आज तो किती घरांत आहे, याचा तपशील येतो. खाली राज्यनिहाय तक्ता जोडलेला असतो. गावाचे दुःख त्या तक्त्यात महाराष्ट्राच्या एका ओळीत विरघळून जाते.

हे उत्तर चुकीचे नसते. परंतु राज्यात विचारले की ‘केंद्राचा निधी प्राप्त होताच’ आणि केंद्रात विचारले की ‘हा राज्याचा विषय’, अशी दोन्ही उत्तरे हाती आल्यावर गावाने कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न उरतो. त्यामुळे केंद्राला तेच विचारावे, ज्याचे उत्तर त्यांच्याच दप्तरी आहे. महाराष्ट्रात या मिशनचा खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा आहे. तेव्हा कोणत्या आर्थिक वर्षात केंद्राने राज्याला किती निधी वितरित केला, राज्याने त्यातला किती उचलला, किती खर्च केला आणि त्यास जोडून आपला वाटा किती घातला, हे केंद्राला सांगावेच लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पात या मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले, कारण २०२४ चे मूळ उद्दिष्ट पूर्ण झाले नव्हते. वाढलेल्या काळात देखभाल-दुरुस्तीवर भर राहील असेही तेव्हा सांगितले गेले. देखभालीचा निकष काय, आणि नोंदीत जोडणी असूनही पाणी नसलेली घरे त्या निकषात कशी मोजणार, हा केंद्राला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

कामकाजाविषयी थोडे सांगतो, कारण गावाकडून अपेक्षा फार असतात. लोकसभेत दररोज तोंडी उत्तरासाठी २० तारांकित आणि लेखी उत्तरासाठी २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. एका सदस्याचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागू शकतो आणि तोही सोडतीत क्रमांक आला तर. सकाळी ११ ते १२ या तासात वीसपैकी मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. परंतु ज्याचा प्रश्न पुकारला जातो त्याला उपप्रश्न विचारता येतात, आणि तारांकित प्रश्नाचे खरे मोल तेथे आहे. छापील उत्तर मंत्रालयाने लिहिलेले असते. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्यांना उभे राहून स्वतः द्यावे लागते. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घेतला गेला नाही आणि केवळ लेखी उत्तरे मिळाली, तेव्हा हीच गोष्ट हरवली होती.

उपप्रश्न किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण १९५७ चे आहे. फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा कंपन्यांतील गुंतवणुकीवर विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झालेले प्रकरण न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीपर्यंत गेले आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये पद सोडावे लागले. आपल्या वाडीचा प्रश्न त्या आकाराचा नाही, परंतु साधन तेच आहे.

शेवटचा मुद्दा आश्वासनाचा. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी चौकशी करीन’ अशा वाक्प्रयोगांची ठरलेली यादी असून असे शब्द मंत्र्यांच्या उत्तरात आले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करावे लागते. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. तुमच्या उत्तरातील ‘मार्चअखेर पूर्ण करण्याचे नियोजन आहे’ हे माझ्या मते आश्वासनच आहे. आमदारांनी समितीला तसे लेखी कळवावे.

जुनी नस्ती

संसद मार्ग यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. ‘नियोजन आहे’ आणि ‘करण्यात येईल’ यांत मंत्रालयात फार फरक मानला जातो, आणि वरून येणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये ‘येईल’ खोडून ‘नियोजन आहे’ केलेले मी स्वतः पाहिले आहे, ते नेमके आश्वासन होऊ नये म्हणूनच. समितीला कळवण्यात नुकसान काहीच नाही, पण केवळ त्यावर विसंबू नये. सभागृहात लक्षवेधी सूचनेवर किंवा उपप्रश्नावर मंत्र्यांच्या तोंडून ‘पूर्ण करण्यात येईल’ हे शब्द आले तर ते अधिक बळकट होते.

माणदेशी टँकर

ताई, एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात टँकर हा दर उन्हाळ्याचा भाग आहे. टँकरची मागणी आली की तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात आणि त्या वेळी पहिला प्रश्न असतो, गावात नळयोजना चालू आहे का. कागदावर आपली योजना शंभर टक्के कार्यात्मक असेल आणि त्यावर विधानसभेतील उत्तराचा दाखला असेल, तर उद्या मे महिन्यात वरच्या वाडीला टँकरही नाकारला जाऊ शकतो. आमच्या शेजारच्या वस्तीवर असेच घडले. नोंदीत नळ होता म्हणून टँकर यायला तीन आठवडे गेले. म्हणून हे उत्तर दुरुस्त करून घेणे ही मानाची बाब नसून उन्हाळ्याची तयारी आहे, असे समजा. टंचाई कृती आराखड्यात वरच्या वाडीचे नाव स्वतंत्र वस्ती म्हणून आहे का, ते आजच पाहा.

कोर्ट फी स्टॅम्प

मंत्र्यांनी ‘हे खरे नाही’ म्हटल्यावर प्रकरण संपते का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. चुकीची माहिती दिली गेली असेल तर ती दुरुस्त करून घेणे हा सभागृहाचा अधिकार आहे. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली सदस्याला मंत्र्यांच्या विधानातील चूक लेखी दाखवता येते. विधानसभेतही आमदारांना पुराव्यासह अध्यक्षांकडे पत्र देता येते आणि मंत्र्यांनाही स्वतःहून सुधारित निवेदन करता येते. मात्र त्यासाठी पुरावा आपल्या हाती हवा, आणि तो माहितीच्या अधिकारातून मिळतो.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. अर्जात मते लिहू नयेत, कागद मागावेत. मी आपल्या जागी असतो तर पुढील गोष्टी मागितल्या असत्या : या तारांकित प्रश्नाच्या उत्तरासाठी तालुक्यावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून मंत्रालयाला गेलेल्या अहवालांच्या प्रती, कार्यारंभ आदेश आणि मुदतवाढीची पत्रे, मोजमाप पुस्तिकेतील वरच्या वाडीच्या नोंदीची पाने, त्रयस्थ तपासणीचा अहवाल, आणि पंपाच्या वीजजोडणीसाठी भरलेल्या रकमेची पावती. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील, आणि तेथेही समाधान झाले नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील ९० दिवसांच्या आत.

एक जुना आधार मात्र आता पूर्वीसारखा वापरता येणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये एक परंतुक होते : जी माहिती संसदेला वा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. मला ते वाक्य फार प्रिय होते, कारण आमदार आणि वाडीवरची आजी यांना त्याने एका पायरीवर आणून बसवले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या उपकलमाच्या जागी नवे शब्द घातले आणि परंतुक गेले. आपण मागत असलेले कागद सार्वजनिक कामाचे आहेत, कोणाच्या खासगी आयुष्याचे नाहीत, त्यामुळे अडचण येऊ नये; पण त्या परंतुकाचा हवाला अर्जात देऊ नका.

सत्तरीकार

गोव्यातून लिहितो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे देशातील पहिले ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य ठरले, आणि त्याचा आम्हाला अभिमानही वाटला. पण त्यातील ‘प्रमाणित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शासनाने गाव ‘घोषित’ करणे ही पहिली पायरी असते. त्यानंतर ग्रामसभेने ठराव करून सर्व घरांना पाणी मिळते असे म्हटले, तर ते गाव ‘प्रमाणित’ होते. म्हणजे अखेरची सही मंत्र्यांची नसते, ग्रामसभेची असते. आमच्या ४० सदस्यांच्या विधानसभेतही उन्हाळ्यात पाण्यावरील प्रश्न येतात, आणि तेव्हा नळ आहे पण पाणी रात्री थोडा वेळच येते, अशा वस्त्यांचा विषय निघतोच. आपल्या गावाने असा ठराव केला आहे का? केला असेल तर तो कोणत्या दिवशीचा?

ओढ्याकाठची सदस्या

सर्वांचे मनापासून आभार. सत्तरीकार यांच्या प्रश्नाने मला दप्तर उघडायला लावले. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून इतिवृत्ताचे पुस्तक घेऊन मागील दोन वर्षांच्या ग्रामसभा पाहिल्या. प्रमाणपत्राचा ठराव झालेला नाही. एका सभेत विषय पत्रिकेवर होता, पण वरच्या वाडीतील बायकांनी हरकत घेतल्यामुळे तो पुढे ढकलल्याची नोंद आहे. ती नोंद वाचताना मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला, कारण त्या दिवशी त्यांनी हरकत घेतली नसती तर आज आपल्या हाती काहीच नसते.

टंचाई आराखड्यात वाडीचे नाव स्वतंत्र नव्हते. माणदेशी टँकर यांचे म्हणणे वाचून मी सरपंचताईंना घेऊन तालुक्याला गेले आणि तसे पत्र देऊन पोच घेतली. पाण्याच्या तपासणीसाठी गावातील पाच महिलांना संच देऊन प्रशिक्षण झाले होते. त्यांतील दोघी वरच्या वाडीच्याच आहेत. त्या आता पंधरा दिवस रोज सकाळी प्रत्येक तोटी उघडून पाणी आले की नाही, आले तर किती लिटर, याची वही ठेवणार आहेत. खालच्या वाड्यांचेही माप घेणार आहोत, कारण एक दिवसाआड येणारे पाणी माणशी ५५ लिटर भरते का, हे आम्ही कधी मोजलेच नव्हते.

वह्या पूर्ण झाल्या की आमदारसाहेबांना द्यायच्या नव्या प्रश्नाचा मसुदा असा केला आहे :

‘(१) मौजे … येथील नळपाणीपुरवठा योजनेंतर्गत नळजोडणी दिलेल्या २१३ कुटुंबांची वाडीनिहाय संख्या किती आहे, (२) त्यांपैकी माणशी ५५ लिटर पाणी नियमितपणे मिळत असलेल्या कुटुंबांची वाडीनिहाय संख्या किती आहे व हे मोजमाप कोणत्या यंत्रणेने केले, (३) वरच्या वाडीसाठीच्या पंपाला वीजजोडणी मिळण्याकरिता किती रक्कम भरण्यात आली व जोडणी प्रत्यक्षात किती कालावधीत मिळाली, (४) योजनेच्या कामास किती मुदतवाढी देण्यात आल्या व विलंबाबद्दल किती दंड आकारण्यात आला, (५) मागील अधिवेशनातील उत्तरात नमूद केलेली उर्वरित कामे कोणती होती व त्यांची सद्यःस्थिती काय आहे?’

आजींना ‘प्रश्न उद्भवत नाही’ याचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘मग उद्भवंल असा इचारा.’

जुनी नस्ती

ताई, मसुदा उत्तम झाला आहे. पाचव्या भागाने मागील उत्तरालाच हात घातला, हे विशेष आवडले. त्याला ‘लागू नाही’ असे लिहिता येणार नाही, कारण ती कामे उरली आहेत हे शासनाचेच वाक्य आहे. तिसऱ्या भागात मात्र एक दुरुस्ती करा. ‘किती कालावधीत मिळाली’ असे लिहिल्याने जोडणी मिळाली आहे हे आपणच मान्य करून बसतो, आणि उत्तर देणारा एखादा कालावधी लिहून मोकळा होईल. त्याऐवजी ‘रक्कम कोणत्या दिनांकास भरण्यात आली व वीजजोडणी कोणत्या दिनांकास कार्यान्वित झाली’ असे विचारा. दिनांकाची जागा रिकामी ठेवून अहवाल वर पाठवता येत नाही. मसुदा अधिवेशनाच्या तोंडावर न देता आमदारांच्या कार्यालयात आधीच पोचवा, आणि वहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडा, म्हणजे प्रश्न पुकारला गेलाच तर उपप्रश्नासाठी त्यांच्या हाती काहीतरी असेल.